उशिराची खबर आणि संशयास्पद साक्ष : फौजदारी अपिलातील कथनाचे वाचन

१. प्रश्नाची मांडणी

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ यांनी १९६१ साली ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात प्रचारात आणली आणि पुढील अर्धशतकात ती कथनमीमांसेच्या नित्य वापरातील संज्ञा बनली. त्याआधी चार वर्षे, १९५७ साली, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिवेलू तेवर विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात तोंडी साक्षीचे तीन वर्ग सांगितले होते : सर्वस्वी विश्वसनीय, सर्वस्वी अविश्वसनीय आणि धड विश्वसनीय नाही व धड अविश्वसनीयही नाही अशी. पहिल्या दोन वर्गांत न्यायाधीशाचे काम सोपे असते. तिसऱ्या वर्गात मात्र महत्त्वाच्या तपशिलांना इतर पुराव्याचा दुजोरा शोधावा लागतो. त्याच वर्षी निसार अली खटल्यात, ‘एका बाबतीत खोटा तो सर्व बाबतींत खोटा’ ही रोमन परंपरेतून आलेली उक्ती भारतात कायद्याचा नियम म्हणून लागू होत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. साक्ष पाखडून घ्यावी, फोल निघते म्हणून दाणाही टाकून देऊ नये, ही भूमिका पुढे अनेक निकालांत दृढ होत गेली.

बूथ आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात कोणताही प्रभावसंबंध नाही. तरीही या दोन विचारव्यूहांतील साम्य तौलनिक अभ्यासकाला खुणावते. विधी आणि साहित्य यांच्या संयुक्त अभ्यासात साक्षीदार म्हणजे निवेदक, खटला म्हणजे कथनांची स्पर्धा आणि न्यायाधीश म्हणजे वाचक अशी समीकरणे सहज मांडली जातात. ती निराधार नाहीत. पण एका ठिकाणी ती दिशाभूल करतात आणि ते ठिकाण फौजदारी अपिलात सर्वाधिक स्पष्ट दिसते. कादंबरीतील निवेदकाची अविश्वसनीयता ही संहितेतच योजलेली असते. निवेदकाच्या पाठीमागे उभा असलेला गर्भित लेखक वाचकाला तिच्या खुणा पुरवीत असतो. साक्षीदाराच्या पाठीमागे असा कोणी लेखक नसतो. तेथे अविश्वसनीयता सापडत नाही, ती ठरविली जाते. ती ठरविताना ज्या खुणांचा आधार घेतला जातो, त्यांत पोलिसांकडे उशिरा पोहोचलेली खबर ही एक प्रमुख खूण आहे. ही खूण कथनाची आहे की कथन करणाऱ्याच्या परिस्थितीची, हा प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

२. उशीर : न्यायालयाची कथनमीमांसा

१८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यांची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या संहितांनी घेतली असली, तरी पहिल्या खबरीचे स्वरूप मूलतः बदललेले नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाणे अंमलदाराला दिली जाते, ती लेखी घेतली जाते, खबर देणाऱ्याला वाचून दाखविली जाते आणि त्याची सही अथवा अंगठा घेतला जातो. ही खबर म्हणजे मुख्य पुरावा नव्हे. ती देणाऱ्याच्या न्यायालयातील साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखविण्यासाठी तिचा उपयोग होतो. म्हणजे खबर ही कथेची पहिली प्रत असून पुढील प्रत्येक प्रत तिच्याशी ताडून पाहिली जाते. पाठचिकित्सेत प्राचीनतम हस्तलिखिताला जे स्थान असते, काहीसे तेच स्थान अपिलात या कागदाला मिळते.

थुलिया काली विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९७२) हा या संदर्भातील पायाभूत निकाल. खुनाची खबर घटनेनंतर वीस तासांहून अधिक काळाने दिली गेली होती आणि पोलीस ठाणे अवघ्या दोन मैलांवर होते. न्या. हं. रा. खन्ना यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील युक्तिवादाचा आशय असा : खबर ताबडतोब दिली की तिच्यात उत्स्फूर्तता असते, वेळ गेला की विचारविनिमय होतो, रंग भरले जातात, अतिशयोक्ती शिरते, प्रसंगी रचलेली कहाणी उभी राहते, म्हणून उशिराचे समाधानकारक स्पष्टीकरण आले पाहिजे. ते न आल्याने खालच्या न्यायालयांनी दिलेली शिक्षा रद्द झाली.

या युक्तिवादात एक संपूर्ण कथनमीमांसा अनुस्यूत आहे. पहिले सांगणे कमीत कमी रचलेले असते, म्हणून ते सत्याच्या अधिक जवळ असते. काळ म्हणजे रचनेला मिळालेला अवसर. साहित्याच्या अभ्यासकाला ही गृहीतके भाबडी वाटण्याचा संभव आहे, कारण पहिले सांगणेही भाषेच्या व सांकेतिकतेच्या चौकटीत घडते, हे तो जाणतो. पण न्यायालयापुढील प्रश्न सिद्धान्ताचा नव्हता. गावातील दोन तटांच्या जुन्या वैरात एक खून होतो. रात्रभर वाड्यात बैठक बसते आणि सकाळी ठाण्यात पोहोचणाऱ्या खबरीत विरुद्ध तटातील प्रत्येक कर्त्या पुरुषाचे नाव असते. फौजदारी वकिलीत हा नमुना सर्वपरिचित आहे. अशा खबरीत अपराध्याबरोबर निरपराधही गोवला जातो. त्या निरपराधाजवळ आपल्या बचावासाठी घड्याळाखेरीज दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. उशिराबद्दलचा संशय हा केवळ तक्रारदाराविषयीचा पूर्वग्रह नाही. तो आरोपीचे संरक्षणही आहे, आणि या दुहेरी स्वरूपामुळेच त्याचे वाचन अवघड होते.

३. मृच्छकटिकातील अधिकरण

उशीर आणि साक्ष यांचा हा गुंता आधुनिक कायद्याने निर्माण केला, असे नव्हे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा नववा व दहावा अंक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी वाचकाला हे नाटक परके नाही. मात्र त्याची स्मृती बहुधा चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रणयाभोवती राहिली आणि अधिकरणाचा प्रसंग कथानकातील कलाटणी म्हणूनच पाहिला गेला.

नवव्या अंकात खुनाची खबर घेऊन सर्वांत आधी येतो तो स्वतः गुन्हेगार. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून पालापाचोळ्याखाली झाकतो आणि अधिकरणात येऊन चारुदत्तावर आळ घेतो. आज तुझे प्रकरण चालणार नाही, असे सांगताच तो राजाकडे जाऊन अधिकरणिकाला काढून टाकण्याची धमकी देतो आणि त्याचे प्रकरण चालते. खबर देताना त्याच्या तोंडून ‘मी नव्हे’ अशा अर्थाचे शब्द निसटतात. ते लिहून घेतले जातात. चूक ध्यानी येताच तो, मी पाहिले नाही असे म्हणावयाचे होते, अशी सारवासारव करतो आणि लिहिलेली अक्षरे पायाने पुसून टाकतो. पहिल्या खबरीची सारी समस्या या एका रंगसूचनेत सामावलेली आहे. शकाराच्या बोलण्यात उत्स्फूर्तता होती, तिच्यातून सत्य बाहेरही पडले होते. पण लिहिलेले पुसण्याचे बळ ज्याच्या पायात होते, त्याच्यापुढे लेख टिकला नाही.

त्याच अधिकरणात वीरक हा रक्षक आदल्या दिवशीची तक्रार घेऊन येतो. चंदनकाने त्याला लाथ मारलेली असते आणि त्या अपमानाचा सल बाळगीत त्याने कशीबशी रात्र काढलेली असते. ही उशिरा आलेली खबर आहे, तिच्यामागे वैर आहे, तरीही वीरक जे सांगतो त्यात कपट नाही. चारुदत्ताच्या गाडीतून वसंतसेना उद्यानाकडे जात असल्याचे त्याने ऐकलेले असते आणि तेवढेच तो सांगतो. दुर्दैव असे की हे प्रामाणिक सांगणेच चारुदत्ताला अधिक अडकविते. गणिका आपली मैत्रीण आहे हे सांगण्याच्या संकोचाने चारुदत्त स्वतः चाचरतो आणि त्याचे चाचरणे त्याच्याविरुद्ध जाते.

या मालिकेतील खरा साक्षीदार मात्र अधिकरणात येतच नाही. शकाराचा दास स्थावरक याला सर्व ठाऊक असते; म्हणूनच शकाराने त्याला बेड्या घालून प्रासादात कोंडलेले असते. दहाव्या अंकात, चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत असताना, तो खिडकीतून उडी टाकून रस्त्यावर येतो आणि सत्य ओरडून सांगतो. शकाराचे उत्तर आजच्या कोणत्याही उलटतपासणीत शोभावे असे आहे : याने माझे सोने चोरले, मी याला मारले, म्हणून हा सूड घेतो आहे. लोकांना ते पटते. दासाचे सत्य कोणाला पटत नाही, ही दास्याचीच अवस्था आहे, अशा अर्थाची व्यथा स्थावरक व्यक्त करतो. साक्ष उशिरा आली होती, साक्षीदाराला वैराचे कारण होते, दुजोरा नव्हता. अपिलाच्या रूढ कसोट्या लावल्या तर स्थावरकाची साक्ष टिकत नाही. चारुदत्त वाचतो तो वसंतसेना जिवंत परतते म्हणून. प्रत्यक्ष खटल्यांत मृत व्यक्ती परत येत नाही.

स्थावरकाचा उशीर त्याच्या कथनात नव्हता, त्याच्या पायांतील बेडीत होता. न्यायालय उशीर मोजू शकते. बेडी मात्र कागदावर आपोआप उमटत नाही.

४. अपिलात वाचली जाणारी संहिता

अपील न्यायालय साक्षीदाराला पाहत नाही. शिवस्वरूप विरुद्ध बादशहा (१९३४) या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले की निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालयाला पुराव्याचे संपूर्ण पुनर्मूल्यमापन करण्याचा अधिकार असला, तरी ज्या न्यायाधीशाने साक्षीदार प्रत्यक्ष पाहिले त्याच्या मताला योग्य वजन दिले पाहिजे. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (२००७) या निकालात ही तत्त्वे एकत्र मांडली गेली. एकाच पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर खालच्या न्यायालयाने दिलेली निर्दोष मुक्तता बदलू नये, कारण निर्दोषत्वाचे गृहीतक त्या मुक्ततेने अधिकच दृढ झालेले असते.

याचा अर्थ अपिलाचा विषय माणूस नसून कागद असतो. हा कागद कसा तयार होतो, याकडे साहित्याच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. तपासात पोलीस जो जबाब नोंदवितात त्यावर साक्षीदाराची सही घेता येत नाही आणि सरकार पक्षाच्या साक्षीदाराच्या बाबतीत तो मुख्यतः विसंगती दाखविण्यासाठीच वापरता येतो. म्हणजे जे शब्द साक्षीदाराने स्वतः लिहिले नाहीत व ज्यांवर त्याची सही नाही, त्याच शब्दांशी त्याचे न्यायालयातील बोलणे ताडले जाते. सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः कथनाच्या रूपात उतरवून घ्यावी, असे १९७३ च्या संहितेच्या २७६ व्या कलमात होते आणि नव्या संहितेतही ती पद्धत राहिली आहे. वकिलाने प्रश्न विचारलेला असतो, साक्षीदाराने ‘हो’ म्हटलेले असते. कागदावर मात्र ‘मी त्या वेळी ओसरीवर उभा होतो’ असे सलग प्रथमपुरुषी वाक्य उतरते. प्रश्न गळून पडतो आणि उत्तर निवेदन बनते. साक्षीदाराचे हावभाव, अडखळणे, रडणे यांविषयी न्यायाधीशाने महत्त्वाचे वाटेल ते नोंदवावे, अशीही तरतूद आहे. पण नोंद झाली तर झाली.

याला भाषांतराची जोड मिळते. साक्षीदार गोंडी, भोजपुरी किंवा झाडीबोलीत बोलतो, नोंद राज्याच्या न्यायालयीन भाषेत होते आणि संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे सर्वोच्च न्यायालयात ती इंग्रजीत वाचली जाते. ‘सांजच्याला’ या शब्दाचे भाषांतरात एक ठरावीक घटिका होणे आणि त्या घटिकेवरून पुढे विसंगती निघणे, हे या प्रवासात अशक्य नाही. प्रथमपुरुषी दिसणाऱ्या या निवेदनाला साक्षीदार, जबाब लिहिणारा पोलीस, प्रश्न घालणारा वकील, मजकूर सांगणारा न्यायाधीश आणि भाषांतरकार असे किमान पाच कर्ते असतात. विसंगती सापडली की ती केवळ पहिल्याच्या खात्यावर जमा होते.

भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य (१९८३) या निकालात न्या. म. प्र. ठक्कर यांनी या अन्यायाची काही अंशी दखल घेतली. साक्षीदाराची स्मृती म्हणजे चित्रफीत नव्हे; अचानक घडलेल्या घटनेत प्रत्येकाचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते; वेळेचा अंदाज प्रत्येकाचा निराळा असतो; न्यायालयाच्या वातावरणाने आणि उलटतपासणीने माणूस बावरतो. म्हणून गाभ्याला धक्का न लावणाऱ्या विसंगतींना अवाजवी महत्त्व देऊ नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे न्यायालय आदर्श निवेदकाची कल्पना सोडून प्रत्यक्ष माणसाकडे वळलेले दिसते.

५. दोन निकाल

उशीर आणि अविश्वसनीयता यांचे नाते तपासण्यासाठी दोन निकाल शेजारी ठेवून पाहता येतात. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. ठाण्याबाहेर लोक जमले आणि तिची खबर त्याच रात्री नोंदली गेली. उशिराचा आक्षेप घेण्यास जागा नव्हती. तरीही सत्र न्यायालयाने तिला विश्वासास अपात्र ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरविला आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्तता दिली. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, खबरीत एका आरोपीबाबत सांगितलेल्या गोष्टी साक्षीत दुसऱ्याच्या नावे आल्या, अशा खुणा वाचल्या गेल्या. ठाणे कोणाचे होते, ही खूण मात्र वाचली गेली नाही. जेथे खबर लिहिली जाते तीच जागा घटनास्थळ असेल, तर आरडाओरडा ऐकण्यासाठी कोण उरतो, हा प्रश्न निकालपत्राबाहेर राहिला. उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्राने तो विचारला. १९८३ च्या कायदादुरुस्तीत कोठडीतील बलात्काराबाबत संमती नसल्याचे गृहीतक आले, त्यामागे या वादाची पार्श्वभूमी होती.

दुसरा निकाल पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग (१९९६). मॅट्रिकच्या परीक्षेला गेलेल्या मुलीचे १९८४ साली अपहरण झाले. कुटुंबाने आधी गावच्या पंचायतीकडे दाद मागितली आणि तेथे काही निष्पन्न न झाल्याने नंतर पोलिसांत खबर दिली. खालच्या न्यायालयाने हा उशीर संशयास्पद मानला. शिवाय अपहरणासाठी वापरलेली मोटार कोणत्या बनावटीची होती, हे मुलीला नीट सांगता आले नाही, हेही तिच्या साक्षीतील वैगुण्य धरले. सर्वोच्च न्यायालयाने ही वाचनपद्धतीच नाकारली. अशा गुन्ह्यात खबर देण्यापूर्वी कुटुंब अब्रूचा, लग्नाचा, गावातील वावराचा विचार करते. तो विचार म्हणजे कारस्थान नव्हे. आणि मोटारींच्या बनावटीतील फरक खेड्यातील मुलीला माहीत असलाच पाहिजे, ही अपेक्षा तिच्या नव्हे, तर वाचणाऱ्याच्या जगातून आली आहे. १९७२ च्या निकालात ‘विचारविनिमय’ हे कृत्रिमतेचे लक्षण होते. १९९६ मध्ये तोच विचारविनिमय दुःखाचे लक्षण म्हणून वाचला गेला. मूळ नियम बदलला नाही, कारण स्पष्टीकरण दोन्ही निकालांना हवेच होते. बदलली ती स्पष्टीकरण म्हणून काय ऐकून घ्यावयाचे याची कक्षा.

६. लेखनिकाचा उशीर

आतापर्यंतच्या विवेचनात उशीर सांगणाऱ्याचा आहे, असे गृहीत धरले. पुष्कळदा तो लिहिणाऱ्याचा असतो. खबर देणारा वेळेवर येतो. ठाणे अंमलदार हद्दीचा प्रश्न काढतो, साहेब आल्यावर पाहू म्हणतो किंवा कोऱ्या कागदावर अर्ज घेऊन ठेवतो. याच्या उलट प्रकारही आहे. खबर प्रत्यक्षात नंतर लिहिली जाते आणि तिच्यावर आधीची वेळ टाकली जाते. मेहराज सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९४) या निकालात न्यायालयाने खबरीच्या वेळेची पडताळणी करण्यासाठी बाह्य खुणांकडे लक्ष वेधले. दंडाधिकाऱ्याकडे खबरीची प्रत केव्हा पोहोचली आणि मरणोत्तर पंचनाम्याच्या कागदांत खबरीचा उल्लेख आहे की नाही, यांवरून वेळेची सत्यता तपासता येते. संहितेतील कालनिर्देशावर विसंबून न राहता तिच्या प्रवासाच्या खुणांवरून तिचा काळ ठरविणे, ही हस्तलिखितांच्या अभ्यासकाला चांगली ओळखीची पद्धत आहे.

ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन (२०१३) या प्रकरणात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर खबर नोंदविणे बंधनकारक असल्याचे ठरविले आणि प्राथमिक चौकशीला मोजक्या वर्गांपुरती मुभा दिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्दीचा विचार न करता खबर स्वीकारण्याची आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही घेण्याची तरतूद केली. त्याचबरोबर तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीला वावही ठेवला. या चौदा दिवसांचे अपिलात पुढे कसे वाचन होईल, हा तुलनेसाठी खुला राहिलेला प्रश्न आहे. एवढे मात्र म्हणता येते की कायद्याने स्वतःच दिलेला अवकाश सांगणाऱ्याच्या खात्यावर उशीर म्हणून मांडला गेला, तर ती स्थावरकाच्या बेडीचीच पुनरावृत्ती ठरेल.

७. साहित्यकृतींचे पुनर्वाचन

या पार्श्वभूमीवर, साक्षीच्या अनिश्चिततेचे आदर्श म्हणून नेहमी दाखविल्या जाणाऱ्या कृती वेगळ्या दिसू लागतात. र्युनोसुके अकुतागावा यांची ‘याबु नो नाका’ ही कथा (१९२२) सात परस्परविरोधी निवेदनांची कथा म्हणून शिकविली जाते आणि सत्य अप्राप्य असते, असा तिचा निष्कर्ष काढला जातो. परंतु ही सात निवेदने एकाच जागी दिलेली नाहीत. लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, वृद्धा आणि दरोडेखोर हे अधिकाऱ्यापुढे बोलतात. पत्नीचे निवेदन मंदिरातील कबुली आहे. मृत पतीचे निवेदन माध्यमाच्या मुखातून येते. कोणी कोणाच्या धाकात बोलत आहे, हा भेद पुसून सर्वांना समान ‘पाठभेद’ मानणे ही वाचनातील चूक आहे. कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटात ही निवेदने न्यायालयाच्या अंगणात आणली गेली, आणि लाकूडतोड्याला मात्र एक दुसरी, उशिराची साक्ष मिळाली. न्यायालयात जे सांगितले नाही ते तो नंतर पडक्या वेशीखाली सांगतो. त्याच्या आधीच्या मौनाचे कारण होते लपविलेला खंजीर. उशिराला कारण असते आणि ते कारण नेहमीच निष्पाप नसते, हे येथे अचूक टिपले आहे.

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘क्रोनिका दे उना मुएर्ते आनुन्सियादा’ (१९८१) या लघुकादंबरीचा निवेदक खुनानंतर सत्तावीस वर्षांनी साक्षी गोळा करतो. पाण्यात बुडालेल्या न्यायमंदिरातून त्याला पाचशेहून अधिक पानांच्या संचिकेतील ३२२ पाने मिळतात. त्या सकाळी ऊन होते की पाऊस, याविषयीसुद्धा साक्षीदारांत मतभेद आहे. रूढ वाचन येथे स्मृतीच्या अस्थिरतेवर थांबते. पण त्या गावात उशीर साक्षीत नव्हता, तो कृतीत होता. खून होणार हे सर्वांना आधी ठाऊक होते. खबर वेळेवर, मोठ्याने दिली गेली होती आणि ती ज्याच्यापर्यंत पोहोचायची त्याच्यापर्यंतच पोहोचली नाही. हवामानाविषयीची विसंगती खरी असली तरी गाभ्याची नाही. ठक्कर यांच्या कसोटीवर ती बाजूला ठेवावी लागेल.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात आढळते. तेथे पोलीस नाहीत, खबर नाही. वेळ घालविण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला आहे. तरीही साक्षी होतात आणि त्या मंडळीत त्या ग्राह्यही ठरतात. भाबडा सामंत हातातील कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. ती साक्ष शब्दशः काल्पनिक असते आणि तरीही ती बेणारेबाईंच्या आयुष्याला जाऊन भिडते. बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत मात्र कोणत्याच नोंदीत येत नाही. रंगमंचावरची बाकीची माणसे त्या वेळी गोठलेली असतात. प्रेक्षक ते ऐकतो, न्यायालय ऐकत नाही. अपिलात जी संहिता वाचली जाते तिच्यात असे स्वगत नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नाट्यसंकेताचे खरे वजन कळते.

८. संशयाचे वाटप

साहित्यात संदिग्धता ही मिळकत असते. वाचक दोन अर्थ एकाच वेळी धरून ठेवू शकतो आणि त्यामुळे कोणाचेही काही हिरावले जात नाही. अपिलात संशय वाटून द्यावा लागतो. त्याचा फायदा एका पक्षाला मिळतो आणि त्याची किंमत दुसऱ्याला चुकवावी लागते. तो आरोपीला मिळावा, हा फौजदारी न्यायाचा पाया आहे. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे न्यायालय या पायाविना उभे होते, हे विसरून चालणार नाही. म्हणून उशिराच्या खबरीबद्दलचा संशय सरसकट मागे घ्यावा, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही.

अभिप्रेत आहे तो वाचनाच्या क्रमातील बदल. कथनातील फट दिसताच ती निवेदकाच्या चारित्र्याची खूण मानण्यापूर्वी काही प्रश्न विचारावे लागतात. बोलण्याची मुभा त्याला केव्हा मिळाली? ते शब्द कोणी लिहिले? लिहिलेले पुसण्याचे बळ कोणाच्या पायात होते? विलंबाचा लाभ कोणाला झाला? थुलिया कालीपासून गुरमित सिंगपर्यंतच्या चोवीस वर्षांत भारतीय अपील न्यायालयांनी हे प्रश्न, अडखळत का होईना, आपल्या वाचनात आणले. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा साक्षींना, आत्मकथनांना, दलित व आदिवासी निवेदनांना सहजपणे लावणाऱ्या समीक्षेने ते अद्याप पुरेसे आणलेले नाहीत. विशेषतः आत्मकथनांच्या संदर्भात ‘इतक्या वर्षांनी का लिहिले’ हा प्रश्न समीक्षेत विचारला जातो, तेव्हा विचारणारा नकळत १९७२ चा नियम लावीत असतो, आणि तोही स्पष्टीकरण ऐकून घेण्याची त्या नियमातील अट गाळून. खिडकीतून उडी टाकून रस्त्यावर आलेल्या स्थावरकाला, तू काल का आला नाहीस, असे विचारायला हरकत नाही. मात्र विचारणाऱ्याने त्याच्या पायांकडे पाहणे आवश्यक आहे.